ओ न देता घेतलेलं नाव

बर्फावर दगडी गोटे सरकवायच्या आमच्या कर्लिंग क्लबात मॅव्हिस लिंडक्विस्टइतकी नेटकी बाई दुसरी नाही. तिच्या फळीवरच्या बरण्यासुद्धा उंचीप्रमाणे रांगेत उभ्या असतात. म्हणून क्लेटन चिटणीसपद सोडून ॲरिझोनात ऊन खायला पळाला, तेव्हा आम्ही ते लोढणं तिच्याच गळ्यात बांधलं. सोबत क्लेटनचा जुना संगणकही आला. माऊस नाही, चित्रं नाहीत. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. आधी 'ओ' दाबून नवी ओळ उघडायची, मग लिहायचं. 'ओ' विसरलात, तर दाबाल ते अक्षर म्हणजे हुकूम!

शनिवारी बाराला स्पर्धेची यादी बंद होणार होती. मॅव्हिसचा नवरा एडी, गुडघा बदलून घेतल्यावर दोन वर्षांनी बर्फावर उतरणार होता. सकाळपासून खेळाचे बूट घालून बसला होता बिचारा. आणि त्याचंच नाव राहिलेलं.

बाराला दहा कमी. यादीत सर्वांत वर व्हर्न टोर्गरसन, क्लबातला सर्वांत मोठा आवाज. तो मॅव्हिसच्या मागेच कॉफी फुरकत उभा. कर्सर त्याच्याच ओळीवर. तिनं नवऱ्याचं नाव टाइप केलं आणि व्हर्नची अख्खी ओळ गडप!

"अगं, मला गिळलंस की! एडीला माझी भीती वाटते, असं सरळ सांग ना!"

"गप रे. मी फक्त नवऱ्याचं नाव घेतलं."

तिनं क्लेटनचा कळकट कागद काढला. 'दोनदा डी : ओळ पुसा.' वाचलं आणि हसत सुटली. "अरे एडी, तुझ्या स्पेलिंगमध्ये दोन डी आहेत!"

"सत्तर वर्षं आहेत," एडी म्हणाला. "आता काढून टाकू?"

एखादी उखाणा विसरते, ही 'ओ' विसरली होती. कागदात खाली उताराही होता : एस्केप, मग 'यू', एका 'यू'ला एक चूक मागे. तिनं एस्केप दाबलं. पहिल्या 'यू'नं नावातलं उरलेलं अक्षर गेलं, दुसऱ्यानं व्हर्न जसाच्या तसा परत.

"आलास? जरा वाईटच वाटलं," मॅव्हिस म्हणाली. मग ठसक्यात 'ओ' दाबला, एडीचं नाव लिहिलं, एस्केप, कोलन, डब्ल्यू, क्यू. जतन! बाराला दोन कमी.

एडी पहिल्याच फेरीत हरला, तोही व्हर्नकडून, आणि दिवसभर पोरासारखा हसत होता. आता व्हर्न कधीही बढाया मारायला लागला, की आम्ही सगळे एका सुरात ओरडतो, "एडी!"

व्हर्न गडप होतो लगेच.