‘बस’ आणि उभ्याची नोकरी

बस. दोन अक्षरं, आणि दिवसभर माझ्या कानांवर आदळायची. उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या साड्यांच्या दुकानात मी सेल्सगर्ल होते. सिंधी गिऱ्हाईक ढीगभर साड्या उलगडायला लावून हात हलवत “बस, बस” म्हणायचं, म्हणजे पुरे. घासाघीस फिसकटली की शेठ दुखावलेला चेहरा करून म्हणायचा, “बस क्या, भाभी?” म्हणजे एवढीच का आपली ओळख. संध्याकाळी अंबरनाथची बस काही यायची नाही, मग शेअर रिक्षात कोंबून घ्यायचं. आमच्या मराठीतला साधा अर्थ तेवढा त्या दुकानात कुणी वापरत नव्हतं. शेठची आई गल्ल्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला “वेहो, वेहो” करायची. सिंधीत ते ‘बसा’. पण ते गिऱ्हाइकांना होतं, आम्हाला नाही.

काउंटरमागे बसायचं नाही, हा दुकानाचा नियम. बसलेली मुलगी दिसली की लक्ष्मी दारातून परत फिरते, असं शेठ सांगायचा. तो स्वतः गादीवर मांडी घालून हे सांगायचा, म्हणजे त्याच्या बसण्याचं लक्ष्मीला काही वाटत नसावं.

तेव्हा मला सातवा लागला होता. आधीचं पोट सहाव्यातच गेलं होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, जास्त उभं राहू नका. पण नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, तो घरी बसलेला. आमच्या घरात बसण्याचा मान सध्या त्याचा होता. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. दुपारनंतर पाय असे सुजायचे की चपलेचा पट्टा रुतायचा. त्याहून वाईट म्हणजे दुकानात असेपर्यंत पोट अगदी गप्प राहायचं, बाळ हलायचंच नाही. मला भीती वाटायची, फार वाटायची, आणि ती कुणाला सांगण्याचंही त्राण नसायचं.

एका दुपारी बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरच्या बाया बस्ता बांधायला आल्या. लग्नाच्या सगळ्या साड्या एकाच दुकानातून, म्हणजे मोठं गिऱ्हाईक. शेठने स्टुलं मांडून सगळ्यांना बसवलं, चहा सांगितला. मी साड्या काढायला वळले, तशी नवरीची आत्या माझ्याकडे बघत राहिली.

“कितवा गो?”

“सातवा.”

“मंग बस की.”

किती दिवसांनी कुणी मला ते म्हटलं होतं. माझे डोळेच भरून आले. मी म्हटलं, “आम्हाला बसायचं नसतं, मावशी.”

आत्या उठली. तिच्या मागोमाग बाकीच्याही उठल्या.

“आमच्यात पोटुशी उभी असली त कोन बसत नाय,” ती शेठला म्हणाली.

“अरे बैठो ना मौसी, आराम से देखो!”

“ती बसंल तवा आमी बसू.”

गल्ल्यावरून शेठची आई “वेहो, वेहो” करत होती. कुणी हललं नाही. साड्या पसरलेल्या, चहा आलेला, आणि अख्खा बस्ता उभा. शेठने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग माझ्यावरच खेकसला, “बैठ ना यार, बैठ! कौन मना किया?” जणू इतके दिवस मीच नाही म्हणत होते.

आत्याने तिचं स्टूल काउंटरमागे सरकवलं. मी बसले. बसल्या बसल्याच साड्या दाखवल्या, पदर उलगडले, भाव सांगितले. मांड्यांतला दुखरा ठणका हळूहळू उतरत गेला. त्या दिवशी मी किती थकले होते ते मला बसल्यावर कळलं. बायांनी हसतखिदळत बस्ता बांधला, आत्याने जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि सगळ्या गेल्या.

लक्ष्मी काही परत फिरली नव्हती. पण दार मोकळं झाल्याबरोबर शेठ म्हणाला, “चल, उठ अभी. माल समेट.”

मी काउंटरला हात टेकला. आणि तेवढ्यात डावीकडे, बरगडीखाली, आतून एक लाथ बसली. मग आणखी एक.

“थांबा शेठ,” मी म्हणाले, “बाळ हलतंय.”

मी रडत होते. शेठ पसरलेल्या साड्यांतली एक उचलून स्वतःच घडी घालायला लागला. इतक्या वर्षांचा साड्यांचा व्यापारी, पण घडी काही त्याला जमत नव्हती.