झिरोबाई आणि खड्ड्याकडची भिंत

माझी थोरली बहीण अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. पोरं तिला पाठीमागे झिरोबाई म्हणतात. मार्क कमी देते म्हणून नव्हे. सकाळी मुलं यायच्या आधी प्रयोगशाळेत जाऊन ती एकेका यंत्राचा काटा शून्यावर आणून ठेवते, म्हणून. मी शिंपी माणूस. कपडा दोराभर इकडेतिकडे झाला तर गिऱ्हाईक पोट आत घेतं आणि गप्प बसतं. ताईचं तसं नाही. घरातला वजनकाटासुद्धा ती आधी रिकामा बघते, मग त्यावर पीठ ठेवते. हिच्याशी संसार करायला कोण धजावणार, असं आई म्हणायची, आणि कोणी धजावलंही नाही. ती आमच्याच घरात, माडीवर राहते. माझी मुलगी चिमणी तिच्याच वर्गात बारावीला आहे आणि आत्याचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ.

दरवर्षी पहिल्या तासाला ताई मुलांना एकच गोष्ट सांगते. चूक कधी या बाजूला, कधी त्या बाजूला होत असेल तर ती हाताची. सारखी एकाच बाजूला होत असेल तर तिच्यामागे काहीतरी कारण आहे, ते शोधा. चिमणी हे जेवताना म्हणून दाखवायची आणि आम्ही हसायचो.

प्रयोगशाळेत ताईचं एक लाडकं यंत्र आहे. तारेला टांगलेला नखाएवढा आरसा, त्यावर दिव्याचा झोत, आणि समोरच्या टेबलावरच्या पट्टीवर पडणारा उजेडाचा ठिपका. अगदी थोडी वीज गेली तरी आरसा वळतो आणि ठिपका सरकतो. टेबल हलतं, म्हणून हे यंत्र भिंतीतल्या फळीवर बसवलेलं. भिंतीइतकं स्थिर दुसरं काय असतं? पण त्या भिंतीपलीकडे शाळेच्या नव्या इमारतीसाठी खोल खड्डा खणायला सुरुवात झाली होती.

मध्यंतरी ताई तापाने अंथरुणाला खिळली. बरी होऊन शाळेत गेली तर ठिपका पट्टीवर नव्हताच. पट्टी संपून डावीकडे, नुसत्या टेबलावर पडला होता. तिने सवयीने ठिपका शून्यावर आणायचा स्क्रू उजवीकडे फिरवायला हात घातला आणि हात तसाच राहिला. उजवीकडेच. खड्डा खणायला लागल्यापासून ती रोज तो उजवीकडेच पिळत होती.

त्या दिवशी ती दुकानात आली ती घामाने भिजून. "धाकट्या, भिंत वळतेय," ती म्हणाली. "केसभर वळली की ठिपका बोटभर सरकतो. आणि मी मूर्ख, रोज सकाळी तो शून्यावर आणत होते."

"मग प्राचार्यांना दाखव की."

"काय दाखवू? जे दाखवायचं ते माझ्याच हाताने रोज पुसलंय."

तरी ती गेलीच. प्राचार्य हसले. "बाई, भिंतीला कान असतात ते ऐकलं होतं. तिला पाय कधी फुटले?" खड्ड्यावरचा इंजिनिअर आला, त्याने बोटाने टकटक केलं, प्लास्टर जुनं आहे म्हणाला आणि चहा पिऊन गेला. खरं सांगतो, मलाही त्याचंच पटलं. एवढा शिकलेला माणूस, आणि ताई नुकतीच तापातून उठलेली.

मग ताईने शून्य करणंच सोडलं. ठिपका जाईल तिकडे जाऊ दे, म्हणाली. मुलांची उत्तरं चुकायला लागली, पालक तक्रार घेऊन आले आणि प्रॅक्टिकल तिच्याकडून काढून नव्या सरांना दिली. तिच्या वाट्याला फळा उरला. घरी ती जेवताना मध्येच थांबायची. कुठे ट्रक गेला, खिडकीची काच वाजली, की घास तसाच हातात. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा. चिमणीला त्या खोलीत पाठवू नकोस, असं ती रोज म्हणायची. मी म्हणायचो, वर्ष बुडवायचं का पोरीचं? बोर्डाची परीक्षा काय थांबणार आहे?

परवा संध्याकाळी चिमणी चहा घेता घेता सहज म्हणाली, "आत्या, तुमच्या यंत्राचा स्क्रू संपला. उजवीकडे फिरतच नाही. सर म्हणाले काही बिघडत नाही, आपण पट्टीच सरकवू."

ताईने कप खाली ठेवला. चहा तसाच टाकून ती माडीवर गेली.

काल सकाळी शाळेतून फोन आला. बाई प्रयोगशाळेच्या दारात बसल्यात, कोणाला आत जाऊ देत नाहीत, येऊन घेऊन जा. कात्री तशीच कापडात ठेवून निघालो. वाटेत शरमेने मान खाली घातली होती. चांगल्या घरची, इतक्या वर्षांची नोकरी केलेली बाई, आणि हा तमाशा.

उंबऱ्यावर ती मांडी घालून बसली होती, पाठ दाराला टेकवून. प्राचार्य दोन हात लांब उभे. मला बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. "समजवा हो यांना," ते म्हणाले. मी खाली वाकलो, तिचा दंड धरला. "ताई, ऊठ. लोक बघताहेत."

ती उठली नाही. मला म्हणाली, "हात लावून बघ."

दाराला लागूनच खड्ड्याकडची ती भिंत होती. तिची समजूत काढायला म्हणून मी तळवा टेकवला. पलीकडे खड्ड्यात कुठलं तरी यंत्र धडधडत होतं, ती धडधड हातात येत होती. मग ते यंत्र थांबलं. कुणीतरी बंद केलं असावं. माझ्या हाताखालची भिंत मात्र थांबली नाही. आत कुठेतरी बारीक करकर चालूच होती, उसवत चाललेल्या शिवणीसारखी.

"चिमणी कुठे आहे?" ताईने विचारलं.

मी मागे बघितलं. मघाशी पोरांनी भरलेला व्हरांडा आता रिकामा होता.

"मुलांचा वेळ जायला नको," प्राचार्य म्हणाले. "सरांनी त्यांना सामानाच्या खोलीतून आत घेतलंय. त्या बाजूनेही दार आहे."

ताईने दोन्ही हात तोंडावर घेतले. दाराआडून नव्या सरांचा खणखणीत आवाज आला, "चला, आधी झिरो करून घ्या." माझ्या तोंडून पोरीचं नाव फुटलं आणि ताईला तिथेच सोडून मी सामानाच्या खोलीकडे धावलो.