भांडकी ताई

ताईला हळू बोलता यायचं नाही. कल्याणच्या आमच्या कॉलेजात ती जिन्यावर असतानाच ऑफिसातले क्लार्क म्हणायचे, "आली भांडकी." तिला ते ऐकू जायचं. ती म्हणायची, "भांडकी तर भांडकी. बिचारी म्हणण्यापेक्षा बरं!"

खडवलीपलीकडच्या आमच्या ठाकरवाडीतून कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी, म्हणून आम्हा सगळ्या पोरींची ताई. दुसऱ्या वर्षी तिची स्कॉलरशिप अडकली. सरकारी कार्यालय कॉलेजकडे बोट दाखवी, कॉलेज कार्यालयाकडे. फी भरली नाही म्हणून तिला परीक्षेला बसू दिलं नाही. ताई शीळफाट्याच्या गोदामात खोकी भरू लागली. पैसे खात्यात आले तोवर तिच्या बरोबरीच्या मुली पदवीधर झाल्या होत्या. मला आजही याचा संताप येतो. तो कमी व्हावा असं वाटतही नाही.

त्या पैशातून तिने कल्याणला भाड्याने खोली घेतली, वाडीतल्या शिकणाऱ्या मुलींसाठी. तीही सहज मिळाली नाही. "आदिवासी" म्हटलं की खोली आधीच दिलेली असायची! शेवटी एक मिळाली. वाडीतल्या बायका पाळीपाळीने तांदूळ, वाल, सुकट पाठवत. ताई म्हणायची, "पोरी वाडीच्या आहेत, एकट्या आईबापाच्या नाहीत."

शेवटच्या वर्षी माझीही स्कॉलरशिप अडकली आणि कॉलेजने हॉल तिकीट रोखलं. मी खोलीत रडत बसले. ताई वाडीवर गेली आणि सकाळी माझ्या आईसकट सगळ्या बायका घेऊन प्राचार्यांच्या दारात येऊन बसली.

"स्कॉलरशिप आली की देऊ ना हॉल तिकीट," प्राचार्य म्हणाले.

"पैसे उशिरा देतं ते सरकार. परीक्षा अडवता ते तुम्ही. माझं शिक्षण खाल्लंत, हिचं नाही खाऊ देणार!"

आई नुसतीच म्हणाली, "आम्ही बसतो."

दुपारी हॉल तिकीट हातात पडलं.

पुढे मला माजिवड्याला नोकरी लागली. कॉलेजने सत्कार ठेवला. तेच प्राचार्य माइकवर म्हणाले, "आमच्या संस्थेच्या पाठिंब्यामुळे ही मुलगी घडली." मी उठून माइक घेतला. "खोटं आहे हे," म्हटलं आणि ताईचं नाव सांगितलं. कुणी टाळी वाजवली नाही. शाल खुर्चीवर ठेवून मी शीळफाट्याला गेले.

पाळी सुटल्यावर ताई बाहेर आली, धुळीने माखलेली.

"ताई, तू परत परीक्षेला बस."

"वेडी झालीस काय? यंदा चार पोरी आल्यात खोलीवर."

रस्त्याला लागलो. चालता चालता तिने तोंडावरची धूळ पुसली. मग म्हणाली, "फॉर्म कधी सुटतात गं?"