वाळूत रोवलेली काठी

माघातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी सहाला आम्ही तिघे भिसेगावहून गाडीने निघालो: मी, बायको सुनंदा आणि तिचे थोरले भाऊ दत्तूदादा. दादा कडावचे, भातशेती करणारे, वय बासष्ट. आदल्या दिवशीच आमच्याकडे मुक्कामाला आले होते. समुद्र त्यांनी कधी जवळून पाहिला नव्हता. खर्चाला दोन हजार रुपये वेगळे काढले होते. त्यांच्या बायकोने, म्हणजे कडावच्या वहिनींनी, फोनवर मला एवढंच बजावलं होतं, "भावोजी, यांना पाणी दिसलं का राहवत नाय. गुडघ्याच्या वर भिजू देऊ नका." मी हो म्हटलं होतं.

कुंभिवलीला चहा झाला. पेणच्या पुढे मिठागरं लागली. दादांना ती भाताची खाचरं वाटली. इथे आवणी (रोपलावणी) इतक्या उशिरा कशी, असं त्यांनी विचारलं. अलिबागच्या पुढच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा मीटरवर ब्याऐंशी किलोमीटर झाले होते.

किनारा लांबलचक. मी पावलं मोजायला घेतली आणि आठशेवर सोडून दिली. वाळू स्वच्छ, सुरूच्या सावलीत बसायला पैसे नाहीत, बायकांना कपडे बदलायला पत्र्याची खोली आणि तिची कडी धड. उणं म्हणाल तर पाण्यावरच्या स्कूटर पोहणाऱ्यांच्या फार जवळून जातात. भरती-ओहोटीच्या फळ्यावर त्या दिवशीच्या वेळा लिहिलेल्या नव्हत्या. मनोरा एक, त्यावर जीवरक्षकही एकच.

आमच्याकडे नदीत उतरण्याआधी पाण्याच्या कडेला काठी रोवतात. पाणी काठीच्या वर चढलं, तर वरून पाणी सुटलंय, बाहेर यायचं. खाली सरकलं तर निर्धास्त. मी सुरूची फांदी रोवली. दहा मिनिटांत पाणी सहा पावलं खाली गेलं.

"उतरतंय," मी म्हणालो.

दादांनी सदरा काढून सुनंदाच्या हातात दिला. गुडघ्याची अट मला आठवली, पण पाणी उतरत होतं म्हणून मी गप्प राहिलो.

थोड्या वेळाने शहाळ्याच्या गाडीवरची बाई जवळ आली आणि काठी कशाला रोवली ते विचारू लागली. मी सांगितलं. ती हसली नाही. "उतरतं पाणी आत वढतं, भाऊ. ही नदी नाय. बोलवा त्यांना."

दादांचं डोकं एव्हाना शहाळ्याएवढं दिसत होतं. मी हाका मारल्या. ते किनाऱ्याकडे हात मारत होते, तरी लांबच जात होते. बाईने मनोऱ्याकडे पदर हलवला. जीवरक्षक फळी घेऊन धावला. सुनंदा सदरा छातीशी धरून उभी होती. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

मग ते डोकं डावीकडे सरकू लागलं. दादांनी किनाऱ्याचा नाद सोडून आडवं पोहायला घेतलं होतं, पुराची ओढ लागली की आमच्याकडे पोहतात तसं. जीवरक्षकाने त्यांना गाठलं आणि दोघे दोनशे पावलांवर बाहेर आले.

दादा बराच वेळ खोकले. "धारंला तोंड द्यायचं नाय, येवढं ठावं होतं," ते म्हणाले. "पर तुमची काठी पार बुडवणार होती, पावणं."

गावाकडच्यांनी किनाऱ्यावर जरूर जावं. पण पाणी चढतं असताना, मनोऱ्यासमोर, कमरेच्या आत. आणि आधी तिथल्या माणसाला विचारून.

दिवेलागणीला कडावला पोचलो. वहिनींनी दादांच्या डोक्याला हात लावून पाहिला.

"अवो, केस असे ताठ कशानं झाले?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "माझ्यामुळं," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. वहिनींनी दादांना आंघोळीचं पाणी काढलं. चहा तिघांनाही आला, माझा सर्वांत शेवटी.

किनाऱ्यावरून निघताना जीवरक्षकाने पैसे घेतले नव्हते. शहाळीवालीला तीन शहाळ्यांचे दीडशे दिले होते. वर शंभर पुढे केले, ते तिने परत केले आणि म्हणाली, "आधी ती काठी उपटा, कोणतरी बघून उतरंल." मी उपटली. तेव्हा पाणी काठीपासून चाळीस पावलं खाली गेलं होतं.