स्वयंपाकघरात चक्कर आली

पेशंटच्या घरच्यांनी पहिल्यांदा जे सांगितलं ते खरं धरायचं नाही, हे मला अ‍ॅम्ब्युलन्सच्या कोर्समध्ये कुणी शिकवलं नाही. ते आमच्या ड्रायव्हरमामांनी शिकवलं. मामा अग्निशमन दलात आधी बंबावर होते, गुडघा दुखावल्यावर अ‍ॅम्ब्युलन्सवर आले. मी कंत्राटी आणि ते कायम, तरी पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी मला दिली आणि सोबत हा सल्ला. "पडला म्हणत्यात तवा मारलेला असतोय. ताप म्हणत्यात तवा दारू असती. माणूस घाबरला की आधी अब्रू बघतोय, मग पेशंट."

मी गगनबावड्याकडच्या एका वाडीतला. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. ज्या सरांनी मला विज्ञान शाखेला घातलं त्यांनी मुलांना एकच सवय लावली होती, खरं सांगायची. खोटं बोलणाऱ्यापेक्षा चुकलेला बरा, असं ते म्हणत. त्यामुळे मामांचा सल्ला मला सुरुवातीला कडू वाटला. पण कामावर राहून हळूहळू माझीही नजर तशीच झाली. माणूस बोलायला लागला की मी त्याच्या तोंडाकडे कमी आणि हातांकडे जास्त बघायला लागलो.

थंडीतली एक सकाळ होती. रंकाळ्याकडच्या एका गल्लीतून फोन आला. सून बेशुद्ध पडलीय, एवढंच सांगितलं. गल्ली अरुंद, त्यात आमची गाडी लाल. लोक दारात येऊन आधी वर धूर शोधायला लागले. एका म्हाताऱ्यानं खिडकीपाशी येऊन विचारलं, "पावणं, आग कुठं लागलीया?"

"आग न्हाय, आजारी माणूस हाय. जरा ती स्कूटर बाजूला घ्या की!" मामा ओरडले.

पहिल्या मजल्यावर तिचा नवरा दारातच उभा होता. बनियनवर स्वेटर उलटा चढवलेला. त्यानं मला आत घेण्याआधीच सांगून टाकलं, "स्वयंपाकघरात चक्कर आली. चहा टाकत होती."

मी काही विचारलं नव्हतं.

सून बाहेरच्या खोलीत सतरंजीवर होती. पंचविशीच्या आतबाहेरची. अंगावर सुती साडी, डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतलेला. उशाशी सासू, पदराचं टोक हातात धरून. मी हाक मारली, खांद्यावर थोपटलं. तिनं डोळे अर्धवट उघडले, काहीतरी पुटपुटली आणि परत मिटले. बाजूला ओकारीचा डाग पुसलेला दिसत होता. नाडी जलद. रक्तदाब बरा. साखर बरी. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला तर आकडा नव्व्याण्णव. धडधाकट माणसाचा असतो तसा. आणि गालांवर चांगली लाली.

आकडे सगळे बरे आणि पोरगी मात्र जागी होत नाही. मला ते पटेना.

स्वयंपाकघर तिथून दिसत होतं. ओटा कोरडा होता. गॅसवर भांडं नव्हतं, चहाचा वास नव्हता. त्याला लागून असलेलं न्हाणीघराचं दार अर्धवट ओढून घेतलेलं, पण चौकटीजवळ फरशीवर लाकडाच्या ताज्या चिरफळ्या पडल्या होत्या आणि कडी एका स्क्रूवर लोंबत होती. मी तिकडे दोन पावलं टाकली तशी सासू उठून आडवी आली.

"तिकडं काय काम हाय तुमचं?"

"हात धुवायचे होते, मावशी."

"हात वट्ट्यावर धुवा की. पाणी हाय तिथं."

मामा स्ट्रेचर घेऊन वर आले होते. त्यांनी ती कडी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. जवळ येऊन माझ्या कानात म्हणाले, "सासरचं प्रकरण. दार तोडून मारलंय. पोलिसांना कळवूया का आधी?" माझ्याही मनात तेच आलं होतं. मी तिचे हात, मनगटं, गळा बघितला. कुठं वळ नाही, खरचटलेलं नाही. पण अंगभर साडी, आणि मी पुरुष. बाकीचं कसं बघणार?

आम्ही तिला स्ट्रेचरवर घेऊन खाली आलो, तर गाडीपाशी सासूचा पाय अडला. गाडीवरचं दलाचं नाव तिनं वाचलं होतं. "ही मयताची गाडी तर न्हवं? मयताची बी तुमच्याकडंच असती म्हणत्यात. जितं माणूस मी त्यात घालू द्यायची न्हाय!"

"मावशी, मयताच्या गाडीला सायरन नसतोय," मामा म्हणाले. "मेलेल्याला कसली घाई? चढा बघू."

ती चढली, पण सगळा वेळ गाडीचे कोपरे बघत राहिली. आम्हाला तिच्यावर संशय, तिला आमच्यावर. नवरा पुढं मामांजवळ बसला.

मी तोंडावर मास्क लावला आणि ऑक्सिजन पूर्ण सोडला. आकडा नव्व्याण्णव असताना एवढा ऑक्सिजन कशाला, असं मला कुणी विचारलं असतं तर तेव्हा नीट उत्तर देता आलं नसतं. मास्कचा पट्टा डोक्यामागं न्यायला पदर सरकवला तर बोटांना ओलं लागलं. पदराखाली केस ओलेचिंब होते. झंपर उलटा घातलेला, शिवण बाहेर. आणि कानाच्या मागं, पाळीच्या खळीत, साबणाचा फेस वाळून पांढरा झाला होता.

चहा टाकताना कुणाच्या कानामागं साबण नसतो.

आमच्या वाडीत पाणी अंगणात चुलाणावर तापायचं. धूर डोळ्यांत जायचा, एवढाच त्याचा त्रास. बंद न्हाणीत गॅसचा गिझर काय करतो ते मला कोर्समध्ये कळलं. खिडकी बंद असेल तर गॅस नीट जळत नाही, त्यातून बिनवासाचा विषारी वायू तयार होतो आणि माणूस उभ्या उभ्या कोसळतो. तो वायू रक्तात जाऊन बसला की बोटावरचा चिमटा फसतो. त्याला तो ऑक्सिजनच वाटतो. म्हणून आकडा चांगला, गाल लाल आणि पोरगी मरणाच्या दारात. दवाखान्यात 'स्वयंपाकघरात चक्कर' सांगितलं असतं तर तो आकडा बघून कुणीही मास्क काढून ठेवला असता. चूक त्यांची नसती. त्यांना खोटं सांगितलेलं असतं.

"मावशी, न्हाणीत गिझर आहे का? गॅसवरचा?"

"कशाला इचारता?"

"ती आंघोळीला गेली होती."

"स्वयंपाकघरात हुती म्हणून सांगितलं न्हवं का तुमाला?"

"मग दार कुणी तोडलं?"

ती एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "पोलिसात द्याचं हाय का आमाला?"

खरं सांगायचं तर तोवर ते माझ्या डोक्यात होतंच. गिझर असला म्हणून दार आतून लावलेलं होतं की बाहेरून, हे मला काय माहीत? पण ते शोधणं माझं काम नव्हतं. मी म्हणालो, "मला फक्त एवढंच सांगा. गॅसचं असेल तर तिला ऑक्सिजन लागणार, बराच वेळ लागणार. तुम्ही दवाखान्यात चक्कर म्हणालात तर तो बंद होईल. मग तिचं काही खरं नाही."

तिनं पुढं पोराच्या पाठीकडं बघितलं. गाडी दसरा चौकाकडं वळली होती, सायरनमुळं पुढच्यांना आमचं काही ऐकू जात नव्हतं.

"आतनं कडी लावलेली," ती म्हणाली. "हाका मारून दमलो. ह्याच्या एकट्याच्यानं दार तुटंना. वरल्या मजल्यावरच्याला बोलावलं. दोघांनी खांदा लावला आन् दार उघडलं ते..." तिनं तोंडावर हात धरला. "पोरीच्या अंगावर चिंधी न्हवती ओ. परका बाप्या दारात उभा. मी चादर टाकली, दोघांस्नी हाकललं, साडी गुंडाळली. लगीन होऊन वरीस न्हाय झालं. उद्या गल्लीत तोंड कसं दाखवंल ती? म्हणून मीच म्हणलं, स्वयंपाकघर सांगायचं."

"खिडकी?"

"तिनंच बोळा कोंबलेला. समोरच्या गॅलरीतनं दिसतंय म्हणती."

मी ड्रायव्हरमागच्या काचेवर थाप मारली आणि नवऱ्याला ओरडून सांगितलं, शेजाऱ्याला फोन करून गिझर आणि सिलिंडर बंद करायला लावा, खिडकी उघडायला सांगा. त्यानं मागं वळून आईकडं बघितलं. आईनं मानेनं होकार दिला तेव्हाच त्यानं फोन काढला.

तरी दवाखान्याच्या दारात डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा नवऱ्याच्या तोंडून सवयीनं तेच निघालं, "स्वयंपाकघरात चक्कर..." मी बोलायला तोंड उघडलं, पण सासूचा आवाज माझ्या वर गेला. "न्हाणीत! आंघुळीला गेलती. गॅसचा गिझर हाय, खिडकी बंद, दार तोडून काढलीया!" ओळीत उभे असलेले लोक वळून बघायला लागले. तिनं पदर तोंडावर ओढला, पण बोलायची थांबली नाही. डॉक्टरबाईंनी चिमट्याकडं बघितलंही नाही. मास्क तसाच ठेवायला सांगितलं, रक्त तपासायला घेतलं.

दुपारी दुसरा पेशंट सोडायला गेलो तेव्हा मी वॉर्डात डोकावलो. पोरगी जागी होती. मास्क तोंडावर, डोळे लाल, डोकं ठणकत असावं असा चेहरा. ती स्वतःच्या अंगावरच्या साडीकडं बघत होती. हात निऱ्यांवरून फिरत होता. मग मास्कच्या आतून तिनं विचारलं, "आत्या, साडी कुणी नेसवली?"

"मी, दुसरं कोन?" सासू म्हणाली.

"दार?"

"मीच ढकललं. जुनाट कडी ती. आत मी एकटीच आलते."

पोरीनं तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळली. मी दलाच्या गणवेशात होतो, तिला न्यायला मीच घरी आलो होतो हे तिला उमगलं असावं. मी लोकांकडं बघतो तशीच ती माझ्याकडं बघत होती. तोंडाकडं नाही, हातांकडं.

"खरं सांगा, भाऊ. कोण कोण हुतं?"

सासू पाणी ओतता ओतता थांबली.

"आम्ही आलो तेव्हा तुम्ही बाहेरच्या खोलीत होता," मी म्हणालो. "साडी नेसून. डोक्यावर पदर होता."

तिनं डोळे मिटले, पण हात साडीवरून काढला नाही. सासूनं पेला उशाशी ठेवला आणि तिच्याकडं न बघता पायांवरची चादर सारखी करत बसली.