डाव्या कोपऱ्यातला ओलावा

नळदुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की नळकाका आधी त्याचं गाऱ्हाणं ऐकून घेत, आणि मग वॉशर शोधता शोधता क्लबचं गाऱ्हाणं त्याला ऐकवत. वॉशर दोन मिनिटांत सापडे, गाऱ्हाणं पंधरा मिनिटं चाले. गिऱ्हाईक बिचारं जाणार कुठं? त्याच्या घरी पाणी बंद असायचं.

क्लब म्हणजे गावातला फुटबॉल क्लब. पंचवीस वर्षं काका मैदानाच्या उत्तरेकडच्या स्टँडमध्ये, कॉर्नरच्या झेंड्याशेजारी, तिसऱ्या रांगेत बसत आले होते. तिथून गोल नीट दिसत नसे. पण खेळाडूंचे बूट दिसत, आणि काकांच्या मते फुटबॉलमधलं खरं काय ते बुटातच कळतं.

क्लब चालवणाऱ्यांबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "चार वर्षांत दोन कोच बदलले, डावा विंगर तर हा तिसरा," ते म्हणत. "ह्यांना खेळाडू म्हणजे बल्ब वाटतात. पेटत नाही म्हटलं की काढला, दुसरा लावला. अरे, वायर तपासा की कुणीतरी."

वर्तमानपत्राबद्दल बोलायला लागले की त्यांचा आवाज आणखी चढे. क्रीडा पानाचा बातमीदार मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, वरच्या मजल्यावर काचेमागे बसायचा. डावी बाजू लंगडी पडली, डाव्या विंगरला गोलची भूकच नाही, असं दर सोमवारी लिहायचा. काका पेपर हातात घेऊन बायकोला विचारत, "ह्याला भूक दिसते कुठून? एवढ्या लांबून तर मला माझी हत्यारांची पिशवी दिसणार नाही." बायको शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणे, "तुम्हाला ती हातात असली तरी दिसत नाही."

काकांना जे दिसत होतं ते असं. आपला संघ दुसऱ्या हाफमध्ये नेहमी उत्तरेकडच्या गोलवर चाल करतो. डावा विंगर चेंडू घेऊन सुसाट येतो, आणि झेंड्याच्या अलीकडे दहा-बारा पावलांवर त्याचा पाय जड होतो. चेंडू थबकतो, बचाव करणारा पोचतो, आणि सगळं मुसळ केरात. लोक शिट्ट्या मारतात. पण पहिल्या हाफमध्ये पाहुण्यांचा डावा गडी त्याच कोपऱ्यात येतो, आणि तोही तिथंच अडखळतो. ते मात्र कुणी पाहत नाही, कारण पाहुणा पडला की सगळे टाळ्या वाजवण्यात गुंग असतात.

आणि गवत. बाकीचं मैदान उन्हानं पिवळं पडलं तरी तेवढा तुकडा हिरवागार असे. आयुष्यभर लोकांच्या घराखालचे पाइप शोधलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्या स्टँडखाली पाहुण्या संघाची कपडे बदलायची खोली होती. तिथं जाणारा पाण्याचा पाइप त्याच कोपऱ्याखालून गेला असणार, आणि कुठंतरी गळत असणार. मैदानाच्या माळ्यालाही काकांनी गाठून विचारलं होतं. माळी म्हणाला, "मी तिथं पाणीच घालत नाही, तरी ओलंच. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, तू गवत बघ."

मग काकांनी वर्तमानपत्राला पत्रं लिहायला सुरुवात केली. दहा पत्रं गेली, एकही छापून आलं नाही. अकरावं छापून आलं.

त्यांनी लिहिलं होतं, "डाव्या विंगरच्या पायात दम नाही, त्याला घरी पाठवा, असं जो तो म्हणतो. पण दोष त्याच्या पायात नसून पायाखाली आहे." पुढे पाइप, ओलावा, गवत, सगळं दोन पानं भरून. छापणाऱ्यांनी जागेअभावी कात्री चालवली, आणि उरलं ते एवढंच: "डाव्या विंगरच्या पायात दम नाही, त्याला घरी पाठवा." खाली काकांचं नाव आणि दुकानाचा पत्ता, एक अक्षरही न चुकता.

काकांनी ते वाचलं आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला. "आता त्या पोराला काय वाटेल?" एवढंच ते म्हणाले.

त्या पोराला काय वाटलं ते कळलं नाही, पण त्याच्या आईला काय वाटलं ते दुसऱ्याच दिवशी सकाळी कळलं. दुकान उघडून काका काउंटर पुसत होते, तेवढ्यात एक ठेंगणी, ताठ चालणारी बाई आत आली. हातात पेपरचं कात्रण. ते तिनं काउंटरवर ठेवलं आणि त्यावर बोट.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"म्हणजे, मी लिहिलं, पण..."

"हो की नाही, तेवढं सांगा."

बाई बालवाडीत शिकवायच्या. त्या आवाजापुढे काकांना आपण चार वर्षांचे आहोत आणि खिशात दुसऱ्याचा खडू सापडलाय असं वाटलं. त्यांनी मुकाट्यानं खणातून वही काढली. प्रत्येक पत्राची नक्कल ते तीत उतरवून ठेवत. अकरावं पत्र उघडून त्यांनी वही बाईंपुढे सरकवली.

बाईंनी उभ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिलं पान संपल्यावर त्या स्टुलावर टेकल्या. दुसरं संपल्यावर त्यांनी मागची पत्रंही चाळली. एकात काकांनी लिहिलं होतं की हा मुलगा संघातला सगळ्यात मेहनती गडी आहे, सामना संपल्यावर त्याच्या बुटांना किती चिखल असतो ते एकदा येऊन बघा. तिथं बाईंनी चष्मा काढून पुसला.

"दोन वर्षं आमच्या घरी क्रीडा पान कुणाच्या हाती पडतच नाही," त्या म्हणाल्या. "मी पेपर आला की ते पान काढून कपाटात खाली अंथरते. हे शेजारणीनं मुद्दाम आणून दिलं." मग त्यांचा आवाज पुन्हा वर्गातला झाला. "हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, तर पत्रं कसली लिहीत बसलात? तिथं जाऊन सांगत का नाही?"

पंचवीस वर्षं काका मैदानावर जात होते, पण क्लबच्या कचेरीची पायरी चढायचं कधी मनातही आलं नव्हतं. "आपल्याला कोण आत घेणार?" ते पुटपुटले.

"विचारून बघा. खाणार तर नाहीत."

त्याच दुपारी काका दुकानाला कुलूप लावून निघाले. सवयीनं पिशवी खांद्याला होतीच, तिच्यातून पाना डोकावत होता. कचेरीच्या दारावरच्या रखवालदारानं पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाला, "आलात एकदाचे. वरच्या मजल्यावर, डाव्या हाताला. सकाळपासून टाकी वाहतेय." काकांनी खोटं बोलायचा विचार केला नव्हता, पण खरं सांगायलाही रखवालदारानं उसंत दिली नाही. ते वर गेले, टाकी दुरुस्त केली, हात धुतले, आणि बाहेर आले तर समोर क्लबच्या नव्या व्यवस्थापक उभ्या. या बाई तीन महिन्यांपूर्वी आल्या होत्या, आधी एक मोठं हॉटेल चालवत.

"झालं का? किती द्यायचे?"

"पैसे नकोत," काका म्हणाले. "दहा मिनिटं द्या. एवढंच सांगा, पाण्याचं मीटर कुठं आहे?"

हॉटेल चालवलेल्या माणसाला मीटरचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. त्यांनी कपाळाला आठी घातली, पण चावी घेऊन त्या निघाल्या. उत्तरेकडच्या स्टँडमागे, लोखंडी झाकणाखाली मीटर होतं. काकांनी त्यांच्यादेखत स्टँडखालच्या खोल्यांमधला एकेक नळ बंद असल्याची खात्री केली. मग दोघं मीटरपाशी वाकली. बारीक लाल काटा ऐटीत गोल फिरत होता.

"सगळं बंद आहे ना?" बाईंनी विचारलं.

"सगळं."

"मग हे पाणी जातंय कुठं?"

काकांनी बोटानं मैदानाचा तो हिरवा कोपरा दाखवला. मग वॉशर न शोधता, न थांबता त्यांनी सगळं सांगितलं. कोच, विंगर, बूट, काचेमागचा बातमीदार. बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मागच्या महिन्यात माझ्या टेबलावर चौथा विंगर आणायचा कागद आला होता. मी सहीच करणार होते." काटा फिरतच होता. त्यांना हसू आवरेना, आणि काकांनाही.

हंगामाला मध्ये तीन आठवड्यांची सुट्टी होती. तेवढ्यात खोदकाम झालं. कमरेइतक्या खोलीवर जुना पाइप निघाला. त्याचा सांधा निसटला होता आणि तिथून पाणी झऱ्यासारखं वाहत होतं. काकांनी स्वतः खड्ड्यात उतरून नवा सांधा बसवला. माळी काठावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "मी म्हणत नव्हतो?" व्यवस्थापक बाईंनी बातमीदारालाही बोलावलं. तो आला, खड्ड्यात डोकावला, बुटाला माती लागू नये म्हणून लगेच मागे सरला.

सुट्टीनंतरच्या पहिल्या सामन्यात डावा विंगर त्या कोपऱ्यातून असा सुटला की बचाव करणारा गडी बघतच राहिला. एक गोल त्यानं स्वतः केला, एक करून दिला. सोमवारी वर्तमानपत्रात मथळा होता: कोचच्या नव्या डावपेचांनी डावी बाजू जिवंत. शेवटच्या दोन ओळींत, मैदानाची किरकोळ डागडुजीही करण्यात आली आहे. बायकोनं भीत भीत ते वाचून दाखवलं. काका आता पेन मागतील आणि रात्रीचं जेवण गार होईल, असं तिला वाटलं. पण ते नुसतेच हसले. "दोन ओळी तरी खऱ्या छापल्या. सुधारतोय तो," असं म्हणून दुकानात गेले.

पुढच्या रविवारी विंगरची आई स्टँडमध्ये आली. तिसऱ्या रांगेत काका आणि त्यांच्या बायकोच्या मध्ये बसली. मुलाचा सामना ती दोन वर्षांनी बघत होती. काकांनी तिला खारे दाणे दिले आणि मुलाचं कौतुक करायला तोंड उघडलं.

"थांबा जरा," ती म्हणाली. तिचं सगळं लक्ष मैदानावर होतं. मुलानं चेंडू घेतला, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, आणि उगाच तिसऱ्याच्याही अंगावर गेला. आई उठून उभी राहिली. तिचा आवाज पार झेंड्यापर्यंत पोचला.

"एकट्यानं नाही खेळायचं. दे त्याला. वाटून घ्यायचं."

मैदानावरच्या विंगरनं दचकून मान वळवली आणि चेंडू मधल्या गड्याकडे ढकलला. त्यानं तो सरळ जाळ्यात मारला. सगळा स्टँड उभा राहिला. आई मात्र शांतपणे खाली बसली.

"मेहनती आहे हो," ती काकांना म्हणाली, "पण लहानपणापासून हावरट. हे तुमच्या एकाही पत्रात नव्हतं."

काका काही बोलणार होते, पण बायकोनं पदराआड हसत त्यांचा हात दाबला. मग ते गपचूप दाणे सोलत बसले, आणि विंगरची आई पुढच्या चालीबद्दल काय म्हणते त्याकडे कान लावला.