लक्ष्मीपूजनाची भरडाई

जगातली कुठलीही दोन माणसं शेजारी उभी राहिली की त्यांची रांग होते आणि ती वाकडी असेल तर सरळ करण्याची जबाबदारी सरकारने आपल्यावर सोपवली आहे, असं माझे तुमसरचे घरमालक मनापासून मानतात. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण या जबाबदारीतून ते निवृत्त झालेले नाहीत. एसटी स्टँडवर ते असले की प्रवासी आपोआप एकामागे एक उभे राहतात. त्यांच्या अंगणातल्या तारेवर कपडेसुद्धा उंचीप्रमाणे वाळतात. एकदा मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात वाढपी भात घेऊन निघाला आणि यांनी खिशातली शिटी वाजवली. "त्या लाल फेटेवाल्याले थोडं मांगं सरकवा, मंग भात." लाल फेटेवाले नवरदेवाचे मोठे काका निघाले. ते रुसले, घरमालकीणबाईंनी, म्हणजे आमच्या काकूंनी, जाऊन त्यांची समजूत काढली आणि तेवढ्यात भात थंड झाला. घरी येताना हे काकूंना म्हणाले, "पण पंगत पाहली ना? दोरी लावल्यासारखी."

मी दिघोरीहून मास्तरकी करायला तुमसरला आलो, तेव्हा आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून गावाने हार घातला होता, पण इथे एकट्या माणसाला कोणी खोली देईना. या घरमालक काकांनी माझा चेहरा पाहिला नाही की पदवी विचारली नाही. दारात काढलेल्या माझ्या चपला पाहिल्या आणि म्हणाले, "सरळ काढल्या. खोली तुमची, मास्तर." त्या चपलांचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

दर रविवारी सकाळी त्यांच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली गावातले जुने फौजी जमतात. आधी रांग, मग चहा. पहिल्या रविवारी मला त्या रांगेत मधेच एक जागा मोकळी दिसली. मदत करावी म्हणून मी जाऊन तिथे उभा राहिलो. एवढा शिटीचा माणूस, पण तेव्हा अगदी हळू बोलला. "मास्तर, तिथं माणूस हाय." मी बाजूला झालो. जो सोबती गेला त्याची जागा भरायची नाही, हा त्यांचा नियम. दुसरा नियम असा की एखादा जिवंत माणूस आला नाही, तर सगळी रांग उठून त्याच्या घरी जाते, चहा पिते आणि काहीच विचारत नाही. "विचारलं का माणूस खोटं बोलते," हे त्यांचं म्हणणं. "नुसतं बसाचं."

त्या मोकळ्या जागेला लागून सेवकराम उभे राहायचे. घरी हातमागावर लुगडी विणणारा हा शांत माणूस. मोकळी जागा त्यांच्या सोबत्याची होती. सीमेवर तो त्यांच्या शेजारीच पडला होता. सेवकराम वर्षभर ठीक असत, पण दिवाळीचे फटाके सुरू झाले की ते भानावर राहत नसत. एका लक्ष्मीपूजनाला ते घरातून निघून गेले, ते दुसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीखाली चिखलात बसलेले सापडले. हे सारं मला काकूंनी सांगितलं, कारण मी त्यांना विचारलं होतं की ऐन लक्ष्मीपूजनाला काका राइस मिलमध्ये धान भरडायला कशाला जातात.

काका त्या मिलवर चौकीदार आहेत. शेठने आधी समजावलं होतं, "हवालदार, आजच्या दिवशी मशीनले आराम राहते." हे म्हणाले, "लक्ष्मी येऊन राहिली आणि आपण मशीन बंद ठेवाची? बरं नाही दिसत." शेवटी शेठने चाव्याच देऊन टाकल्या. तेव्हापासून त्या संध्याकाळी घरची चार पोती मिलमध्ये जातात, सोबत सारे फौजी आणि मधे सेवकराम. मशीनच्या धडधडीत बाहेरचा एकही फटाका ऐकू येत नाही.

एका वर्षी मला सुट्टी उशिरा लागली आणि दिवाळीला गावी जाता आलं नाही. काकूंनी चिवड्याचा डबा देऊन मला मिलमध्ये धाडलं. सगळे कोंड्याने पांढरे झाले होते आणि खुणांनी बोलत होते. सेवकराम तांदूळ ओंजळीत घेऊन पाहत होते. तेवढ्यात वीज गेली. मशीन थांबलं आणि रस्त्यावरची फटाक्यांची लड थेट आत आल्यासारखी वाजली. सेवकरामांच्या हातातले तांदूळ सांडले. ते दाराकडे निघाले.

"लाइन बन!"

काकांचा आवाज मशीनपेक्षा मोठा होता. पोत्यांच्या मधे, मोबाइलच्या उजेडात सगळे म्हातारे उभे राहिले. सेवकरामांचे पायही सवयीने वळले. त्यांनी आपली जागा घेतली आणि शेजारची मोकळी सोडली. काकांनी "दाहिने सज" म्हटलं, म्हणजे उजवीकडे बघून रांग सरळ करा, आणि स्वतः जाऊन उजव्या टोकाला उभे राहिले. बाहेर फटाके वाजत होते. सेवकरामांनी मान वळवली, टोकापर्यंत रांग पाहिली आणि ते म्हणाले, "हवालदार साहेब, तुम्हीच बाहेर हाव."

खरंच, काका रांगेच्या चांगले हातभर पुढे उभे होते.

"कोण मी? उगाच."

"उगाच काय? पोट आधी आलं तुमचं, मांगून तुम्ही."

म्हातारे हसायला लागले. सेवकरामही हसले आणि भिंतीला टेकून खाली बसले. मी चिवड्याचा डबा उघडला. वीज येईपर्यंत तो संपला आणि कोणी कुठे गेलं नाही. पुढे मी काकांना विचारलं, तुम्ही मुद्दाम वाकडे उभे राहिलात ना? ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता माझी बदली भंडाऱ्याला झाली आहे. कडुनिंबाखालच्या रांगेत मोकळ्या जागा वाढल्यात. हल्ली काका खुर्चीवर बसून शिटी वाजवतात, आणि तीही हवा कमी पडल्यासारखी वाजते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी फोन लावतो. मशीनच्या आवाजात त्यांचं काही समजत नाही, माझं त्यांना समजत नाही. मी सेवकरामांबद्दल ओरडून विचारतो, ते तिकडून ओरडतात, "हाय, हाय, बाजूलेच हाय!" एवढंच हवं असतं. तरी मी लगेच फोन ठेवत नाही. धडधड ऐकत राहतो.